गोटी हलत नाही

तिचं घरातलं नाव मायक्रॉन. ते ठेवलं होतं तिच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी, पण एका सहलीत नवऱ्याच्या कानावर पडलं आणि तेव्हापासून घरी मुक्कामालाच आलं. प्रयोगशाळेत ती वजनकाटे, तापमापक आणि मोजपट्ट्या तपासून द्यायची. म्हणजे लोकांच्या मोजण्यात किती चूक आहे हे मोजणं, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. तो बरीच वर्षं केला की आपल्याही मोजण्यात चूक असू शकते ही शंका माणसाला येईनाशी होते. तिला तर ती आधीही फारशी येत नसे.

त्या उन्हाळ्यात तिने सकाळच्या दोन-अडीच तासांवर तीन कामं लादली होती. दुपारी नळाखाली हात धरला तर चटका बसायचा. गच्चीवरचं शेवटचं कापड दोरीवर टाकेपर्यंत पहिलं वाळलेलं असायचं. माणसाने काही करावं असा वेळ म्हणजे उजाडल्यापासून समोरच्या घराच्या पत्र्यावर ऊन चढेपर्यंतचा. त्याच वेळात धावायचं, कारण अर्धमॅरेथॉन तोंडावर आली होती आणि तिने नाव दिलं होतं. त्याच वेळात लेकीला पोहण्याच्या सरावाला सोडायचं, कारण दुपारी तलावाचंही सूप व्हायचं. आणि त्याच वेळात खालच्या मजल्यावरच्या बाथरूमची फरशी बसवायची, कारण ऊन चढलं की कालवलेलं सिमेंट बादलीतच दगड होऊन बसायचं.

फरशीचं काम आलं सासूबाईंमुळे. त्या आपल्या घरी बाथरूमच्या उंबरठ्याला अडखळून पडल्या होत्या आणि त्यांच्या खुब्यात आता धातूचा सांधा होता. सध्या त्या धाकट्या मुलाकडे होत्या, पण त्याचं घर चौथ्या मजल्यावर आणि तिथली लिफ्ट लहरी. तेव्हा सासूबाईंनी कायमचं इकडे यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मुलांनी ठरवलं. सासूबाई जन्मभर रुग्णालयात नर्स, शेवटी तर अख्ख्या वॉर्डाच्या प्रमुख. त्यांच्या बाबतीत दुसऱ्यांनी काही ठरवायची पद्धतच नव्हती. त्यांनी सुनेला फोन केला.

"मला आंघोळीला कोणी सोबत यायचं नाही. जन्मभर मी लोकांची अंगं पुसलीयत. मला कोणी पुसलेलं चालणार नाही."

"नाही येणार, आई."

"दाराशी उभं राहून 'झालं का, झालं का' हेही नको."

"नाही."

"नाहीतर माझी ती मैत्रीण राहते ना, त्या शुश्रूषागृहात एक खोली रिकामी आहे. बघून ठेवलीय मी. दाराला आतून कडी आहे, भिंतीला दांडे आहेत आणि सुना नाहीत."

ती खोली रिकामीच राहावी असं तिला अगदी मनापासून वाटत होतं. लेक तान्ही होती आणि तिचा प्रबंध अर्धवट लटकला होता, तेव्हा सासूबाई रात्रपाळी संपवून यायच्या, बाळाला मांडीवर घ्यायच्या आणि "जा, तुझे काटे मोज जा," म्हणून तिला जवळपास हाकलूनच द्यायच्या. त्या कधी झोपायच्या हे तिला अजूनही कळलेलं नव्हतं. याबद्दल ती त्यांना कधी काही बोलली नव्हती. सासूबाईंना तसं काही म्हटलं असतं तर त्यांनी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

फरशीवाला येऊन बाथरूम बघून गेला. उंबरठा काढायचा, म्हणजे वॉकर न अडता आत जाईल. जुनी फरशी उखडून न घसरणारी घालायची. भिंतीला धरायचे दांडे बसवायचे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि उन्हाळा सरल्यावर येतो म्हणाला. सासूबाई त्याच्या आधी येणार होत्या.

"त्यात काय एवढं," ती म्हणाली. "मी करते."

नवरा शाळेत इतिहास शिकवायचा आणि त्याला सुट्टी लागली होती. त्याने चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं.

"हे वाक्य बोलून लोकांनी मोठमोठ्या मोहिमा काढल्यात," तो म्हणाला. "पुढे काय झालं ते आम्ही परीक्षेला विचारतो."

तर दिवस असा सुरू व्हायचा. उजाडता उजाडता ती कालव्याकडेच्या रस्त्यावर धावत असायची. तिच्या धावण्याच्या गटाला शिकवणारे गृहस्थ निवृत्त क्रीडाशिक्षक होते, पण त्यांच्या गळ्यातली शिट्टी निवृत्त झाली नव्हती, म्हणून सगळे त्यांना शिट्टीसर म्हणत. ते रोज ओरडून सांगायचे, "या उन्हात घड्याळ बघू नका! जीभ कोरडी पडतेय का ते बघा!" जीभ मोजायचं साधन तिच्याकडे नव्हतं, म्हणून ती घड्याळ बघायची. हवेची उष्णता आणि दमटपणा यांवरून आपण किती सावकाश धावावं याचं तिने एक समीकरणच मांडलं होतं. पण त्या समीकरणाप्रमाणे पुढच्या आठवड्यापासून तिने चालायला हवं होतं, तेव्हा तिने समीकरण बदललं. एक म्हातारे गृहस्थ आपल्या त्याहून म्हाताऱ्या कुत्र्याला घेऊन तिला रोज मागे टाकत आणि जाता जाता सहानुभूतीने मान हलवत. कुत्रा तेवढंही करत नसे.

तिथून घामाने निथळत घरी, लेकीला गाडीत घालून तलावावर, आणि परत येऊन तशीच गुडघ्यांवर बसून फरशी. लेकीला घरी भुंगा म्हणत, कारण ती सकाळी उठल्यापासून कुरकुरायची ती नाश्ता पोटात जाईपर्यंत.

"मम्मी, माझ्या पोहायच्या पिशवीत थापी आहे."

"असू दे, परत येताना लागेल."

"आणि माझा पाण्यातला चष्मा?"

"तो बादलीत असेल. काल टाइल कापताना घातला होता मी, डोळ्यांत चुरा जाऊ नये म्हणून."

"म्हणजे आज मी डोळे मिटून पोहू?"

"सरळ पोहत राहा. भिंत लागली की कळेल."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती बसल्या बसल्या झोपायची. एकदा तर उकडलेल्या बटाट्याकडे बघत डुलकी लागली आणि जागी झाल्यावर म्हणाली, "हा सुकू द्या, पाय ठेवू नका." नवऱ्याने ते वाक्य धुण्याच्या यंत्रावर लिहून चिकटवलं.

पण फरशीच्या कामात तिने कुचराई केली नाही. जुनी फरशी उखडण्याआधी तिने तिच्यावर लेव्हलची पट्टी ठेवली आणि तिला धक्काच बसला. पट्टीतला बुडबुडा मधे थांबायलाच तयार नव्हता. सगळी फरशी एका कोपऱ्याकडे, पाणी जायच्या जाळीकडे कललेली होती.

"अरे, बघ इकडे!" तिने नवऱ्याला हाक मारली. "इतकी वर्षं आपण या तिरक्या फरशीवर उभे राहतोय!"

"मला कधी जाणवलं नाही."

"तुला कसं जाणवेल? तुझ्या विषयात शंभर वर्षं इकडची तिकडे झाली तरी चालतात."

प्रयोगशाळेत कुठलाही काटा तपासायचा तर पहिलं काम म्हणजे तो ज्या टेबलावर ठेवायचा ते समतल करणं. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय ती तिथे कोणाशी बोलतसुद्धा नसे. त्याच सवयीने ती बाथरूममध्ये कामाला लागली. आधी खालच्या थराचा सगळा कल भरून काढला. सिमेंट लवकर धरू नये म्हणून बर्फाच्या पाण्यात कालवलं. एकेक टाइल ठेवायची, पट्टी आडवी लावायची, उभी लावायची, कोपऱ्यातून कोपऱ्यात लावायची, आणि रबरी हातोड्याने टक टक करत बुडबुड्याला जागेवर आणायचं. शेजारणीने खिडकीतून विचारलं, "घड्याळ दुरुस्त करताय का हो?" तिला तो अपमान वाटला नाही. जाळीच्या भोवतीच्या टाइल्स तर तिने दोनदा काढून पुन्हा बसवल्या, कारण त्या केसभर खाली गेल्या होत्या.

शेवटची टाइल बसून पक्की झाली त्या दिवशी भुंग्याने कुठूनशी काचेची गोटी शोधून आणली आणि फरशीच्या मधोमध ठेवली. तिघं ओणवे होऊन बघत राहिले. गोटी हलली नाही. चारी कोपऱ्यांत ठेवून बघितली. हलली नाही. उंबरठा काढलेल्या जागी ठेवली, तरी नाही. अगदी जाळीच्या काठावर ठेवली, तिथेही ती ठाम उभी.

"मम्मी, कमाल आहे तुझी," भुंगा म्हणाली, आणि भुंग्याकडून हे म्हणजे फारच झालं.

नवऱ्याने टाळ्या वाजवल्या. "राजवाड्यांत नसेल अशी फरशी."

त्या दोघा नवरा-बायकोत मिळून चार पदव्या होत्या. चारही पदव्या बाथरूममध्ये ओणव्या राहून त्या न हलणाऱ्या गोटीकडे भारावून बघत होत्या, आणि पाणी हा शब्द एकीच्याही मनात आला नाही. तिने गोटीचा फोटो काढून धावण्याच्या गटावर टाकला. शिट्टीसरांनी उत्तर दिलं, "पावलंही अशीच स्थिर पडू द्या."

बाकीच्या तपासण्या तिने कसून केल्या. भिंतीच्या दांड्याला स्वतः लोंबकळून बघितलं, मग नवऱ्याला लोंबकळायला लावलं. ओल्या फडक्यावर बूट घासून फरशी घसरते का ते पाहिलं. पाणी मात्र सोडलं नाही. फटींमध्ये भरलेला माल नीट सुकायला हवा होता, आणि घरातल्यांना वरच्या मजल्यावरचं बाथरूम होतंच. हे आजीचं. उद्घाटनही आजीच्याच हातून, असं भुंग्याने जाहीर केलं.

सासूबाई शनिवारी आल्या. दुसऱ्याच दिवशी, रविवारी, शर्यत होती. पण त्या घडीला तिला शर्यतीची नाही, सासूबाईंच्या तोंडावरच्या रेषांची काळजी होती. सासूबाईंनी वॉकर सरकवत बाथरूमपर्यंत जाऊन बघितलं. चाक कुठे अडलं नाही. दांडा धरून ओढून पाहिला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या.

नवऱ्याने बायकोकडे पाहून भुवया उंचावल्या. आईच्या तोंडून 'ठीक आहे' त्याने दहावीच्या निकालानंतर प्रथमच ऐकलं होतं.

सासूबाई आत गेल्या, कडी लावली. बाहेर तिघं बसले. दाराशी नाही, दारापासून इतकं लांब की कोणी दाराशी बसलंय असं म्हणू शकणार नाही. नवरा कालचं वर्तमानपत्र वाचत होता. भुंगा सफरचंद खात होती. ती नुसतीच बसली होती, कारण काही करत असल्याचं नाटक तिला जमत नसे. आतून फवाऱ्याचा आवाज आला, स्टूल सरकल्याचा आला, मग सासूबाई चक्क काहीतरी गुणगुणल्या. तिने डोळे मिटून घेतले. इतकं समाधान तिला प्रबंध मंजूर झाल्यावरही झालं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा दाराखालून पाणी येत होतं.

ते घाईने येत नव्हतं. एका रेषेत, संथपणे, डावीकडे-उजवीकडे सारखंच पसरत, साबणाचा पातळ फेस पुढे घेऊन येत होतं. बघता बघता नवऱ्याच्या चपला तरंगायला लागल्या. आणि तिला सगळं एका क्षणात कळलं. त्या पाण्याला जाळीकडे जायला काही कारणच उरलं नव्हतं. ते कारण तिने स्वतःच्या हाताने काढून टाकलं होतं, रबरी हातोड्याने, केसाकेसाने.

"जुनी फरशी तिरकी नव्हती," ती पुटपुटली.

"काय?"

"तो ढाळ होता. पाणी वाहून जायला दिलेला ढाळ."

नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. भुंगाही चावायची थांबली.

"मग आपण टाळ्या कशाला वाजवल्या?" तिने विचारलं.

"सूनबाई," आतून आवाज आला.

"हो, आई."

"पाणी जात नाहीये."

"हो. ते... जाणार नाही."

"तुंबलंय?"

"तुंबलेलं नाही. फरशी सपाट आहे."

आत फवारा बंद झाला.

"बाथरूमची?"

"हो."

"कोणी केली?"

"मी."

"मोजून?"

"मोजून, आई."

ती दाराशी गेली. "मी आत येऊ? साबणाचं पाणी आहे, तुम्ही उठू नका."

"यायचं नाही. आणि उठत नाहीये मी. मोडलेले खुबे तुझ्याहून जास्त बघितलेत मी."

उंबरठा गेल्यामुळे दाराखाली चार बोटांची फट राहिली होती. त्या कामात झालेली ही एकमेव उपयोगी चूक. पाणी ओढायचा वायपर त्या फटीतून आत जात होता. ती पालथी पडली, गाल ओल्या जमिनीला टेकवला, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि पाणी बाहेर ओढायला लागली. बाहेर आलेलं पाणी नवरा आणि भुंगा टिपत होते. टॉवेल संपले तेव्हा तिचे धावण्याच्या शर्यतींतले टीशर्ट कामी आले. आतून सासूबाई सूचना देत होत्या. "डावीकडे. अजून. तो माझा पाय. हां, आता मागे ओढ." बऱ्याच वेळाने फरशी पाय ठेवण्याइतकी झाली. दार उघडलं. सासूबाई नीट कपडे करून, वॉकर धरून, कोणाचाही हात न घेता बाहेर आल्या. खाली पालथ्या पडलेल्या सुनेला त्यांनी वळसा घातला.

"दांडे चांगले आहेत," त्या म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

खोलीतून फोनवरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. "अगं, ती खोली अजून रिकामी आहे ना? मग सोमवारी दुपारी येते मी."

नवरा आत जाऊन अर्धा तास बोलला. फरशी फोडून पुन्हा घालायला आठ-दहा दिवस लागतील, तोवर हिला आत बसू दे, नुसतं पाणी ओढायला. सासूबाई नाही म्हणाल्या. मग अंग पुसून घे. त्यावर त्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो इतिहासजमा व्हायचाच बाकी राहिला. फरशी झाली की मला परत बोलवा, त्या म्हणाल्या. पण सासूबाई एकदा एखाद्या खोलीत जाऊन बसल्या की तिथून हलत नाहीत, हे त्याला माहीत होतं, तिला माहीत होतं आणि बहुधा धातूच्या सांध्यालाही माहीत होतं. सोमवारी गेल्या म्हणजे गेल्या.

"मी उद्या पळत नाही," ती म्हणाली. "पहाटेच फरशी फोडायला घेते."

"उद्या रविवार. सिमेंटचं दुकान बंद," नवरा म्हणाला. "नुसती फोडून ठेवलीस तर आई सोमवारी कशाला, उद्याच जाईल."

"मग घरी थांबते."

"थांबून काय करणार?" भुंगा म्हणाली. "पाण्याकडे बघणार?"

ती शर्यतीला गेली. निदान एक तरी गोष्ट मोजल्याप्रमाणे व्हावी, एवढीच तिची इच्छा होती.

शर्यत सुरू झाली तेव्हाच हवा कढत होती. आदल्या दिवशी वायपर ओढून तिचा उजवा खांदा धरला होता, आणि सासूबाईंच्या विचारात ती पाणी प्यायचंही विसरली होती. शिवाय तिला राग आला होता, स्वतःचाच, आणि राग आलेलं माणूस कुठलंही समीकरण पाळत नाही. ती सुटली. म्हाताऱ्या कुत्र्यानेही कौतुकाने बघितलं असतं अशी सुटली. शिट्टीसर कडेला उभे राहून शिट्टीवर शिट्टी फुंकत होते, "हळू! बाई, हळू!" तिने हात हलवून त्यांना अभिवादन केलं.

परतीच्या वळणाच्या थोडं पुढे तिची डावी पोटरी दगड झाली. मग उजवी. मग दोन्ही मांड्या. ती रस्त्याच्या मधोमध अशी उभी राहिली की मागून येणाऱ्या एका धावपटूने तिला खांब समजून वळसा घातला. शेवटी सगळ्यांच्या मागून रस्त्यावरचे प्लॅस्टिकचे शंकू गोळा करत येणाऱ्या गाडीत तिला चढवण्यात आलं. शंकू एकात एक छान बसले होते. तिला मात्र गुडघे दुमडता येत नव्हते, म्हणून ती त्यांच्यावर आडवी.

घरी नवऱ्याने तिला शिडी उतरवावी तसं गाडीतून उतरवलं आणि घरातल्या मधल्या बोळात भिंतीला टेकवून ठेवलं. चेहऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे. वरच्या बाथरूमपर्यंतचा जिना तिला आकाशाएवढा दिसत होता. नवऱ्याने तिचा पाय धरून ताणायचा प्रयत्न केला आणि ती अशी किंचाळली की शेजारणीची खिडकी उघडली.

"सोड तिला," मागून आवाज आला. सासूबाई वॉकर घेऊन बाहेर आल्या होत्या. हा आवाज घरातला नव्हता, वॉर्डातला होता. "माणूस आहे ते, दोरखंड नाही. बाथरूममध्ये खाली बसव तिला, भिंतीला पाठ लावून. माझं स्टूल शेजारी. भुंगे, पाण्यात मीठ-साखर ढवळून आण, आणि फ्रीजरमधला असेल नसेल तेवढा बर्फ."

"आई, तिथे पाणी साठतं," नवरा म्हणाला.

"मग साठू दे ना. दाराखाली आणि जाळीवर टॉवेल लाव."

ती खाली बसली, पाय पुढे पसरून, धावायच्या कपड्यांतच. सासूबाई दांडा धरून स्टूलवर टेकल्या आणि त्यांनी फवारा हातात घेतला. भुंग्याने दारातून बर्फाचे तुकडे ओतले. पाणी चढलं, चार भिंतींच्या आत सगळीकडे सारखं, आणि तिच्या पोटऱ्या त्या गार तळ्यात बुडाल्या. ते इतकं बरं वाटलं की तिला रडू आलं. पण चेहऱ्यावरून फवाऱ्याचंही पाणी वाहत होतं, त्यामुळे निभावलं.

"मी करते, आई," ती फवाऱ्याकडे हात नेत म्हणाली.

"काय करतेस? आधी पायाचा अंगठा हलवून दाखव."

अंगठा हलला नाही.

सासूबाईंनी तिच्या मानेवरचं मीठ धुतलं. केसांतला रस्त्याचा धुरळा काढला. पोटरीवर हात ठेवून, न ताणता, नुसता दाबून धरला, गाठ आपण होऊन सुटेपर्यंत. एकही शब्द न बोलता. त्यांचा हात कुठे जाणार हे तिच्या अंगाला आधीच कळत होतं, म्हणून ते दचकत नव्हतं. तरीही तिला लाज वाटत होती.

"लाज वाटतेय?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"वाटणारच. माझ्या वॉर्डात सगळ्यांना वाटायची. दुसऱ्या दिवसापर्यंत जायची."

एरवी ती इथे गप्प बसली असती. पण पाय सुटत आले होते आणि त्याबरोबर जीभही.

"तुम्हाला वाटली, आई? खुबा मोडला तेव्हा?"

फवारा जरा वेळ एकाच जागी पाणी सोडत राहिला.

"एक पोरगी होती तिथे," सासूबाई म्हणाल्या. "हात चांगला होता तिचा, बिचारीचा. पण बडबड! 'चला, आता आपण छान छान हात पुसू या हं. आता पाय. शहाणी आहे ना माझी आजी!' मी भिंतीकडे बघत पडलेली. वाटलं, उठावं आणि हिची बदली करावी." त्यांनी फवारा दुसऱ्या पोटरीवर वळवला. "जन्मात मी कुठल्या पेशंटशी असं बोलले नाही."

बर्फाचा एक तुकडा तिच्या गुडघ्याशी येऊन वितळला.

"मी बोलत नाही, आई," ती म्हणाली. "प्रयोगशाळेत लोक दिवा बंद करून जातात, मी आत आहे हे विसरून."

"ते मात्र खरं आहे तुझं."

"पाठ फिरवून बसेन. नुसतं पाणी ओढेन."

"पाठ फिरवून पाणी कसं ओढशील?"

"हात मागे करून."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. भिजलेली, केस कपाळाला चिकटलेले, पाय काठ्यांसारखे समोर, आणि तरी पुढच्या कामाची पद्धत मनात आखत असलेली. त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"आधी अंगठा हलव," त्या म्हणाल्या. "मग बघू."

सोमवारी सकाळी, समोरच्या पत्र्यावर ऊन चढत असताना, मायक्रॉन बाथरूममध्ये बुटक्या स्टूलवर भिंतीकडे तोंड करून बसली होती. पाय अजून लाकडी होते. दोन्ही हात पाठीमागे, हातांत वायपरचा दांडा. डोळ्यांपुढे एक टाइल. नवरा दाराबाहेर बादली घेऊन हजर होता आणि त्याला श्वास घ्यायलासुद्धा मनाई होती. दुपारची गाडी सांगून ठेवलेली होती. ती रद्द करायची की नाही, हे विचारायची कोणाची छाती झाली नव्हती.

मागे फवारा सुरू झाला. साबणाची डबी उघडली, मिटली. पाणी हळूहळू तिच्या पावलांपाशी पोचलं.

"ओढ," सासूबाई म्हणाल्या.

तिने ओढलं.

"डावीकडे."

तिने डावीकडे ओढलं.

"माझ्या डावीकडे."

तिने बाजू बदलली. वायपर कशावर तरी आपटला.

"ते माझं पाऊल आहे."

ती गप्पच. कबूल केलं होतं तसं.

"अगं, इतकंही गप्प नको. सॉरी म्हणावं."

"सॉरी, आई."

"हसतेस का?"

"नाही."

"खांदे हलतायत तुझे."

दाराबाहेर बादली पडल्याचा आवाज झाला. नवऱ्याची हसू आवरायची ताकद संपली होती. सासूबाईंनी फवारा बंद केला. टॉवेल झटकल्याचा आवाज आला, मग गाऊनच्या बाह्यांची सळसळ, मग दांड्यावर हात टेकल्याचा. एवढं सगळं त्यांनी सावकाश, आपल्या आपण केलं, आणि ती टाइलकडे बघत राहिली.

"बऱ्याच उशिरा बसलो आज," सासूबाई म्हणाल्या. "गाडीवाल्याला नको म्हणून कळव. आणि उद्या उजाडता उजाडता बसू, गार असतं."

उजाडता उजाडता ही तिची धावायची वेळ होती. लेकीला सोडायची तीच होती, आणि फरशी पुन्हा फोडायला घ्यायची तर तीही तीच. हे सांगायला तिने तोंड उघडलं. पण बडबड करायची नाही असं कबूल केलेलं होतं, म्हणून तिने ते मिटलं आणि हात मागे करून उरलेलं पाणी ओढायला लागली.